मुलींच्या हाताला कोणते काम शिकवायचे? एक जुना प्रश्न

दहावी-बारावीचे निकाल लागले की गटाच्या मासिक सभेत अंतर्गत कर्जाची मागणी बदलते. एप्रिल-मेमध्ये लग्नकार्य, मिरगाच्या तोंडावर बी-बियाणे, आणि जून-जुलैत पोरांची फी. आम्ही समन्वयक बाया ही मागणी वहीत लिहून घेतो. वही पुढून मागे चाळली तर एक गोष्ट सारखी दिसते. मुलासाठी कर्ज असेल तर कारणाच्या रकान्यात आयटीआय, वायरमन, मोबाइल दुरुस्ती, ड्रायव्हिंग असे काहीबाही असते. मुलीसाठी असेल तर बहुतेक वेळा शिवणक्लास, नाहीतर पार्लर. आणि ज्या घरात दिव्यांग मूल आहे, त्या घरातून त्या मुलासाठी मागणीच येत नाही.

ही वाटणी कुणी करून दिली? मुलांना हाताला काम शिकवायचे म्हणजे काय शिकवायचे, कुणाला शिकवायचे, आणि ते शिकलेले काम वीस वर्षे पुरेल का, हे प्रश्न आपल्या महाराष्ट्राला नवे नाहीत. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात त्यावर भांडणे झाली, प्रयोग झाले, काही फसले, काही टिकले. आजच्या भाषणात तीच गोष्ट सांगायची आहे. यंदा गटाचा पैसा कुठल्या क्लासला द्यायचा हे ठरवताना ती उपयोगी पडेल.

सुरुवात १८८२ सालापासून करू. त्या वर्षी इंग्रज सरकारने देशातल्या शिक्षणाची चौकशी करायला एक आयोग नेमला. त्याच्या अध्यक्षाचे नाव हंटर, म्हणून त्याला हंटर आयोग म्हणतात. त्या आयोगापुढे पुण्यातून दोन माणसांनी आपले म्हणणे मांडले, ती दोन्ही नावे तुम्हाला माहीत आहेत. एक महात्मा जोतीराव फुले. दुसऱ्या पंडिता रमाबाई.

जोतीरावांनी निवेदनात पहिली गोष्ट सांगितली ती पैशाची. सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गाच्या मुलांवर, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. खेड्यातल्या शाळेत मोडी, बाळबोध आणि हिशेबाबरोबर शेतीची प्राथमिक माहिती आणि आरोग्याचे धडे हवेत असे सांगितले. आणि मास्तर कसा हवा? तर वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचे वाकस हातात धरायला ज्याला लाज वाटणार नाही असा. आज आपण कौशल्य शिक्षण, कौशल्य शिक्षण म्हणतो, त्याचे मूळ या एका अटीत आहे. कारण शिकवणाऱ्यालाच हाताच्या कामाची लाज वाटत असेल तर शिकणाऱ्याला त्याची आवड कुठून लागणार?

रमाबाई तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी नवरा गेला होता, पदरात लहान मुलगी होती. त्यांनी आयोगाला सांगितले की बायकांना शिकवायला बाया तयार करा, मुलींच्या शाळा तपासायला बाया नेमा, आणि बायकांना डॉक्टरकी शिकू द्या, कारण पुरुष डॉक्टरला दाखवायची लाज वाटून बाया जिवाला मुकतात. म्हणजे मुलींनी नुसती अक्षरे गिरवून भागणार नाही, त्या शिक्षणातून त्यांना पगाराचे काम मिळाले पाहिजे, हे त्यांचे म्हणणे. ते साल १८८२ होते, हे लक्षात ठेवा.

रमाबाई बोलून थांबल्या नाहीत. इंग्लंड-अमेरिकेला जाऊन आल्या आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, मुख्यतः बालविधवांसाठी. पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. तिथे मोठा वाद झाला. रमाबाई ख्रिस्ती झालेल्या होत्या, सदनातल्या मुलींनाही त्या ख्रिस्ती करतात असा आरोप झाला आणि पुष्कळ घरांनी आपल्या मुली काढून नेल्या. तो वाद आजही संपलेला नाही, आणि आपल्याला आज त्यात शिरायचे नाही. आपल्याला केडगावला जायचे आहे. दौंड तालुक्यातले, रेल्वेच्या रुळांजवळचे गाव. तिथे रमाबाईंनी जमीन घेतली होती. १८९६-९७ चा मोठा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, अनाथ मुली घेऊन आल्या. थोड्याच वर्षांत गुजरातेत दुष्काळ पडला, तिथूनही मुली आल्या. होता होता केडगावच्या मुक्ति सदनात राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

दोन हजार बाया-मुलींना देणगीवर किती दिवस जेवू घालणार? म्हणून काम. शेती आणि फळबाग, दूधदुभते, विणकाम, शिवणकाम, तेल गाळणे, आणि छापखाना. छापखान्याचे काम जरा समजून घेऊ, कारण ते आता बघायला मिळत नाही. त्या काळी प्रत्येक अक्षराचा शिशाचा वेगळा खिळा असे. कप्प्यातून एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची, तीही उलटी, कारण कागदावर ती सुलटी उमटते. मग ओळींचे पान बांधायचे, शाई लावायची, यंत्र चालवायचे. हे सगळे पुरुषांचे काम मानले जाई. केडगावात ते बायांनी केले. रमाबाईंनी शेवटच्या वर्षांत मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून मराठी बायबल तयार केले, त्याची छपाई याच बायांच्या हातची. ज्या मुली दुष्काळात रस्त्याच्या कडेला सापडल्या होत्या, त्यांच्यातल्या काही जणी छापखान्यात खिळे जुळवू लागल्या.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. त्या मुलींमध्ये आंधळ्या मुलीही होत्या. त्यांना बाजूला बसवून नुसते जेवण दिले असते तरी लोकांनी पुण्यच म्हटले असते. पण केडगावात त्यांना बोटांनी वाचायची ब्रेल लिपी शिकवली आणि विणण्याचे, टोपल्या करण्याचे काम शिकवले. आज शासनाचे कागद याला सर्वसमावेशक प्रशिक्षण म्हणतात. नाव नवीन आहे, काम सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यांच्या शेजारी होऊन गेलेले आहे.

त्याच सुमारास पुण्याजवळ हिंगण्याला अण्णासाहेब कर्व्यांचे काम उभे राहत होते, आणि १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन सुरू झाले. सेवासदनाने ससून रुग्णालयाच्या मदतीने बायकांना नर्सचे शिक्षण द्यायला सुरुवात केली. त्या वेळी परक्याची मलमपट्टी करणे, रात्री घराबाहेर राहणे, कुठल्याही जातीच्या माणसाला हात लावणे, हे सगळे हलके मानले जात होते. चांगल्या घरची बाई नर्स होते का, असे लोक विचारत. आता बघा, नर्सिंगला मुलीचा नंबर लागला तर आपण पेढे वाटतो. म्हणजे कोणते काम बाईचे आणि कोणते नाही, ही यादी पुन्हा पुन्हा खोडली गेली आहे. कुणीतरी पहिल्यांदा शिव्या खाऊन ती खोडली एवढेच.

आता पुण्याहून साताऱ्याकडे येऊ. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. त्याआधी भाऊरावांनी बरीच कामे केली होती, लोखंडी नांगर विकत गावोगाव हिंडले होते, त्यामुळे शेतकऱ्याच्या घरात काय आहे आणि काय नाही हे त्यांना पुस्तकातून वाचावे लागले नाही. १९२४ मध्ये साताऱ्याला त्यांनी वसतिगृह सुरू केले. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, सगळ्या घरची मुले एका चुलीवरचे एका पंगतीत जेवणार, ही अट. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले. मुले स्वतः दळण, स्वयंपाक, झाडलोट, शेतीचे काम करत. ‘कमवा आणि शिका’ ही योजना ती हीच. १९४० मध्ये साताऱ्याला महाराजा सयाजीराव हायस्कूल याच पायावर निघाले. मुलांनी उजाड माळ खोदून शेती केली, दगड फोडले, आणि दुपारी त्याच हातांनी गणिते सोडवली.

या गोष्टीत लक्ष्मीबाईंचे नाव थोडक्यात येते आणि निघून जाते. भाऊरावांच्या त्या पत्नी. बोर्डिंगातल्या मुलांना त्यांनी आईसारखे सांभाळले. घरात दाणा नसेल तेव्हा अंगावरचे दागिने एकेक करून गेले, शेवटी मंगळसूत्रही मुलांच्या जेवणासाठी विकले. १९३० मध्ये त्या गेल्या. आणि गावोगावच्या बायांचा मुष्टिफंड होता. दळायला बसताना रोज एक मूठ धान्य बोर्डिंगसाठी वेगळे काढून ठेवायचे. मूठमूठ साठवायची आणि त्यातून पोराचे शिक्षण करायचे, म्हणजे आपला बचत गटच की! फक्त त्याला रजिस्टर नव्हते आणि पासबुक नव्हते.

पण इथे एक प्रश्न विचारायलाच हवा. मुठी बायांच्या, दागिने बाईचे, आणि बोर्डिंगात मुलगे. मुलींचे काय? साताऱ्यात संस्थेने जिजामाता नावाचे अध्यापिका विद्यालय काढले ते १९४२ मध्ये, म्हणजे पहिल्या वसतिगृहानंतर अठरा वर्षांनी. त्या काळात मुलींना वसतिगृहात ठेवायला घरची माणसे तयार नसत, हे खरे. तरी एवढे म्हणायला हरकत नाही की मुलग्यांना नांगर, दगड, सुतारकाम, गणित सगळे खुले झाले, आणि मुलींना उघडले ते मुख्यतः एक दार, मास्तरीणबाई होण्याचे. ते दार चांगले होते. पण एकच होते.

मध्ये १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने नई तालीमची परिषद झाली. सूत कताईसारख्या एखाद्या हस्तोद्योगाभोवती सात वर्षांचे सगळे शिक्षण मातृभाषेतून गुंफायचे, अशी कल्पना. सेवाग्रामला ती काही काळ चालली, पण देशभर रुजली नाही. आईबापांना वाटे, आमच्या पोराने शाळेत जाऊनही चरखाच फिरवायचा का?

ही शंका अगदीच चुकीची नव्हती, हे पुढे मद्रास प्रांतात दिसले. १९५३ मध्ये तिथले मुख्यमंत्री राजाजी यांनी ठरवले की प्राथमिक शाळा रोज तीनच तास, बाकीच्या वेळात मुलांनी आईबापाच्या धंद्यात हात घालावा. ऐकायला चांगले. पण ज्याचा बाप केर काढतो त्याच्या मुलाने काय शिकायचे? केर काढायला. कुंभाराच्या मुलाने मडकी आणि वकिलाच्या मुलाने वकिली. लोक रस्त्यावर उतरले, पेरियार यांनी या योजनेला कुळाचे शिक्षण असे नाव ठेवले, आणि १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाले, योजना मागे घेतली गेली. काम शिकवणे ही गोष्ट अशी दुधारी आहे. पोराला बाहेर काढण्यासाठी काम शिकवता येते आणि आहे तिथेच खिळवून ठेवण्यासाठीही शिकवता येते. जात तिथे जे करते, तेच बाईमाणसाच्या बाबतीत चूल आणि सुई करते, असे आमचे मत आहे.

त्याचा सगळ्यात मोठा पुरावा मुंबईच्या गिरणगावात सापडतो. आपल्या घाटावरच्या आणि कोकणातल्या कितीतरी घरांतले कुणी ना कुणी गिरणीत होते. आजोबा गिरणीत होते हे सगळे सांगतात. आजीही गिरणीत होती हे फार थोडे सांगतात. १९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांतल्या कामगारांत पाचात जवळजवळ एक बाई होती. पण त्या बाया गिरणीभर पसरलेल्या नव्हत्या. साचे चालवायला, यंत्रे दुरुस्त करायला पुरुष. बायांना मुख्यतः दोन खाती, रिळिंग आणि वाइंडिंग. म्हणजे सूत लडीवर किंवा बॉबिनवर गुंडाळायचे. त्यांच्यावर देखरेख करणारी नायकीणही बाईच. काम नाजूक, बायांच्या बोटांना जमते, असे म्हणत. पगार कमी.

मग काय झाले? वेगाने गुंडाळणारी नवी यंत्रे आली. जिथे दहा जणी लागत तिथे थोड्या पुरू लागल्या. रात्रपाळीला बायांना कायद्याने बंदी होती, आणि गिरण्या जास्त पाळ्यांत चालवायच्या तर मालकांना रात्री येणारा माणूस हवा होता. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधिमंडळात त्याची बाजू जोरात मांडली होती, कायदा अगदी न्यायाचा होता. पण मालकांनी बाई घेणेच कमी केले, म्हणजे रजा द्यायला नको. या सगळ्याने बायांची संख्या घटत गेली आणि सत्तरच्या दशकापर्यंत गिरणीत अगदी मोजक्या बाया राहिल्या. वाइंडिंगमधून निघालेल्या बाईला साचा खात्यात कुणी घेतले नाही, कारण तिला साचा चालवायला कुणी शिकवलेच नव्हते. सगळ्या बाया एकाच खोलीत होत्या, त्या खोलीला कुलूप लागले आणि सगळ्या एकदम बाहेर.

त्यांनी काय केले हेही सांगू. पुष्कळ जणींनी खाणावळी चालवल्या, गावाहून एकट्या आलेल्या कामगारांना जेवू घातले. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या खानावळवाल्या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, बँकेची कर्जे मिळवून दिली, सावकाराच्या तावडीतून सोडवले. मग जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा मोठा संप झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. बऱ्याच गिरण्या पुन्हा पहिल्यासारख्या चालू झाल्याच नाहीत. पुरुषांच्याही हातात एकाच यंत्राचे कौशल्य होते आणि ते यंत्रच थांबले. मोठी मोठी माणसे गावाकडे परत आली ती रिकाम्या हातांनी. म्हणून आम्ही म्हणतो, कुठलाही कोर्स बघताना आज नोकरी लागेल का एवढेच विचारून चालत नाही. यंत्र बदलले तर या मुलीला दुसरे काय येईल, तेही विचारायला हवे.

संपाच्या दुसऱ्याच वर्षी, १९८३ मध्ये, पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात पाबळ या कोरडवाहू गावात एक शास्त्रज्ञ येऊन राहिले. डॉ. श्रीनाथ कलबाग. अमेरिकेत शिकलेले, मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या हुद्द्यावर असलेले. ती नोकरी सोडून त्यांनी पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांचा प्रश्न साधा होता. खेड्यातला मुलगा किंवा मुलगी शाळेत नापास होते म्हणजे तिला डोके नसते का? का शाळा फक्त कानाने शिकवते आणि हाताने शिकवत नाही म्हणून ती नापास होते?

त्यांनी एका वर्षाचा निवासी अभ्यासक्रम तयार केला. त्यात चार विभाग. पहिला कारखान्याचा, म्हणजे वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम. दुसरा ऊर्जा आणि पर्यावरणाचा, म्हणजे वायरिंग, मोटार, सौरऊर्जा, बायोगॅस, जमिनीचे मोजमाप. तिसरा शेती आणि पशुपालनाचा. चौथा घर आणि आरोग्याचा, म्हणजे अन्नप्रक्रिया, शिवण, रक्तातले हिमोग्लोबिन आणि रक्तगट तपासणे. आणि खरी गंमत पुढे आहे. चारही विभाग सगळ्यांना. मुलग्याला शिवण आणि स्वयंपाक सुटत नाही, मुलीला वेल्डिंग सुटत नाही. दहावी नापास झालेल्यालाही दार उघडे.

दुसरी गोष्ट, शिकताना केलेले काम खोटे नसायचे. शाळेच्या कार्यशाळेत एखादा लोखंडी तुकडा कापायचा, जोडायचा आणि भंगारात टाकायचा, असे नाही. गावात कुणाला गेट हवे, कुणाला कोंबड्यांचे खुराडे हवे, कुणाच्या विहिरीसाठी पाणी कुठे लागेल ते बघायचे आहे, ती कामे मुलांनी पैसे घेऊन करायची. गिऱ्हाईक तक्रार करते, तेव्हा जे शिकायला मिळते ते परीक्षेत मिळत नाही. पुढे हाच अभ्यासक्रम आठवी ते दहावीच्या शाळांत आठवड्यातला एक दिवस शिकवण्याइतका लहान करून नेला, आणि राज्याच्या शिक्षण मंडळाने तो विषय म्हणून मान्य केला. शिकवायला पुष्कळ ठिकाणी गावातलाच कारागीर. जोतीरावांचा वाकस धरणारा मास्तर शंभर वर्षांनी असा शाळेत आला.

पाबळमधून निघालेल्या प्रत्येकाने धंदा काढला असे मुळीच नाही. पण एका वर्षात चार प्रकारची कामे हाताखालून गेलेली मुलगी आणि वर्षभर फक्त ब्लाउज शिवलेली मुलगी, या दोघींमध्ये फरक पडतोच. एक काम बसले तर पहिलीला दुसरे सुचते.

आता आपल्या गावाकडे या. आम्हाला शिवणकामाबद्दल वाईट बोलायचे नाही. आपल्या गटांतल्या कितीतरी घरांची चूल शिवणयंत्राने पेटती ठेवली आहे, गणवेशाच्या ऑर्डरींनी कर्जे फिटली आहेत. पण एकदा गल्लीत फिरून शिवणयंत्रे मोजा. मग फॉल-पिकोचा दर विचारा, आणि तो पाच वर्षांपूर्वी किती होता तेही विचारा. तयार कपडे आठवडी बाजारात कितीला मिळतात ते पाहा. वाइंडिंग खात्याची आठवण येते की नाही, ते तुम्हीच सांगा.

आणि दुसरीकडे काय वाढते आहे ते बघा. शेताशेतांत सौर पंप बसत आहेत, ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेच्या पाट्या सगळ्यांनी पाहिल्या आहेत. हमीची मुदत संपल्यावर ते दुरुस्त कोण करणार? ठिबकच्या नळ्या, घरावरची सौर पॅनेल, विजेवर चालणाऱ्या दुचाक्या, दूध संकलनाची यंत्रे, माती-पाण्याची तपासणी, म्हाताऱ्या माणसांची घरी येऊन शुश्रूषा. यातले कुठले काम बाईला जमत नाही? सौर पॅनेलची जोडणी समजायला ताकद लागत नाही, मीटर वाचता यावा लागतो. ही कामे पाणी आणि वीज वाचवणारी आहेत, गावात राहून करायची आहेत, आणि पाऊस कमी पडला म्हणून थांबणारी नाहीत. उलट पाऊस कमी पडेल तसे ठिबक आणि पाणी तपासणीचे काम वाढेल.

सरकारी सोयी आहेत. देशात आयटीआय १९५० पासून आहेत. वायरमन, इलेक्ट्रिशियन, फिटर हे ट्रेड मुलींना बंद नाहीत, मुलींसाठी राखीव जागा असतात. त्या रिकाम्या राहतात तेव्हा त्याचे कारण बरेचदा एसटीची वेळ, वसतिगृह आणि स्वच्छतागृह हे असते, मुलीची नावड हे नसते. ग्रामीण युवकांसाठी दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना २०१४ मध्ये सुरू झाली, तिच्यात एक तृतीयांश जागा मुलींच्या ठेवायच्या असतात. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेचे आरसेटी केंद्र असते, तिथे राहण्या-जेवणासह मोफत प्रशिक्षण मिळते. ही कल्पना कर्नाटकातल्या उजिरे गावी १९८२ मध्ये सुरू झाली आणि नंतर देशभर नेली गेली. दिव्यांगांसाठी २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकरीत चार टक्के जागा राखीव आहेत, पण प्रशिक्षणाशिवाय त्या जागेपर्यंत पोचणार कोण? ज्या घरातून मागणी येत नाही, त्या घरी गटाच्या अध्यक्ष आणि सचिवांनी स्वतः जाऊन विचारावे असे आम्ही सुचवतो. मुलाला काय जमत नाही ते सगळे गाव सांगेल. त्याला काय जमते, एवढे त्याच्या आईला विचारा.

क्लासची फी भरायच्या आधी गटातल्या दोघी-तिघींनी त्या केंद्रावर मुलीला घेऊन जावे. मागच्या वर्षीच्या तुकडीतल्या पाच मुली आज काय करतात ते विचारावे आणि जमले तर त्यांच्यापैकी एकीला फोन लावावा. शिकताना खरे गिऱ्हाईक असते का, यंत्र मुलीच्या हातात देतात की लांबून दाखवतात, संध्याकाळी परतीची गाडी आहे का, शिकवणाऱ्यांत कुणी बाई आहे का, हे बघावे. मुलाच्या केंद्रावर गेलात तर तिथे इलेक्ट्रिशियनच्या वर्गात किती मुली आहेत तेही विचारून ठेवा. आरसेटीच्या पुढच्या तुकड्या कधी आहेत ते तुमच्या बँकेच्या शाखेत कळेल. ग्रामसंघाच्या या महिन्याच्या सभेत आपण नावे घेणार आहोत. येताना मुलीचा दहावीचा दाखला आणि आधार कार्ड आणा. दहावी नापास असेल तरी नाव द्या.